लाल पाइन आणि आपला पाचोळा

पाइन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ, थंडी, हिंदी सिनेमातली गाणी आणि ख्रिसमस ट्री! मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे दर डिसेंबरला वाळूच्या बादलीत सुरूची एक फांदी उभी राहायची, तिच्यावर कापसाचा बर्फ पडायचा आणि आम्ही सगळ्या तिला बिनधास्त 'पाइन ट्री' म्हणायचो. भूगोलात 'कोनिफरस ट्रीज' पाठ केली होती. त्यांना मराठीत 'सूचिपर्णी' म्हणतात हे मात्र होस्टेलला आल्यावर रूममेटकडून कळलं. सूची म्हणजे सुई आणि पर्ण म्हणजे पान. सुईसारख्या पानांचं झाड! इतका सोपा शब्द आम्हाला शाळेत कुणी सांगितला असता तर काय बिघडलं असतं? असो.

आता तुम्ही म्हणाल, मराठी विभागात हे पाइनपुराण कशाला? सांगते. आपल्याकडे दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं, फोटो निघतात आणि अंकात 'झाडे लावा, झाडे जगवा' असा एक लेख येतो. त्याला माझा विरोध नाही. पण 'लावा' आणि 'जगवा' यांच्या मध्ये एक मोठी गोष्ट राहून जाते, असं मला वाटतं. ते झाड आपल्या रोजच्या जगण्यात नक्की कुठे बसतं? हा प्रश्न आपण विचारतच नाही. आणि हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते मला लाल पाइनच्या कहाणीतून जितकं समजलं तितकं दुसऱ्या कशातून समजलं नाही.

तर आधी ओळख करून देते. 'लाल पाइन' नावाची दोन झाडं प्रसिद्ध आहेत. एक अमेरिकेतलं. ते मिनेसोटा राज्याचा राज्यवृक्ष आहे (१९५३ पासून) आणि गंमत म्हणजे नॉर्वेशी काही संबंध नसताना तिथले लोक त्याला 'नॉर्वे पाइन' म्हणतात. दुसरं आपल्या आशियातलं. जपानमध्ये त्याला 'आकामात्सु' म्हणतात, कोरियात 'सोनामू'. वनस्पतिशास्त्रातलं नाव 'पायनस डेन्सिफ्लोरा'. मी बोलणार आहे ती या दुसऱ्याबद्दल. खोडाचा वरचा भाग तांबूस-नारिंगी आणि सुया दोन-दोनच्या जोडीने. जपानी लोक काळ्या पाइनला पुरुष मानतात आणि या लाल पाइनला बाई!

या झाडाचा स्वभाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी त्यावरच आहे. याला भरपूर ऊन लागतं. याची रोपं सावलीत वाढत नाहीत. खडकाळ, नापीक, पोषण नसलेल्या जमिनीत मात्र हे मजेत उभं राहतं. जमीन सुपीक झाली की ओकसारखी रुंद पानांची झाडं येतात, सावली धरतात आणि पाइनची पिल्लं खाली गुदमरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गरीब जमिनीत टॉपर आणि श्रीमंत जमिनीत एटीकेटी!

मग असं झाड शतकानुशतकं कोरिया-जपानच्या डोंगरांवर राज्य कसं करत होतं? उत्तर डोंगरात नाही, स्वयंपाकघरात आहे.

कोरियातल्या जुन्या घरांत जमिनीखालून गरम धूर फिरवून खोली ऊबदार ठेवायची पद्धत होती. तिला 'ओंदोल' म्हणतात. चूल एका बाजूला, धुराडं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये दगडी फरशीखालून धुराची वाट. हीट ट्रान्स्फरच्या सरांनी वर्गात शिकवायला हवा असा नमुना! पण या चुलीला रोज जळण लागायचं. त्यासाठी गावातली माणसं डोंगरावर जाऊन पडलेल्या सुया, काटक्या, झुडपं, गवत सगळं ओरबाडून आणायची. जपानमध्येही तेच चालायचं. तिथे तर पाचोळा शेतात खत म्हणूनही जायचा. परिणाम काय? डोंगराच्या मातीत काही कुजतच नव्हतं. जमीन गरीबच राहायची, ऊन थेट जमिनीवर पडायचं आणि लाल पाइनचं फावायचं. म्हणजे ज्या पाइनच्या जंगलाला चित्रकारांनी 'निसर्ग' म्हणून रंगवलं, ते बऱ्याच अंशी हजारो चुलींचं बाय-प्रॉडक्ट होतं!

आणि फक्त जळण नाही. कोरियन माणसाचं अख्खं आयुष्य या झाडाच्या सोबतीने जायचं. मुलगी जन्मली की दारावर पेंढ्याची दोरी बांधायची आणि तिच्यात कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या खोचायच्या. (मुलगा झाला तर लाल मिरच्या. तिथेही भेदभाव आहेच!) घराचे खांब आणि वासे पाइनचे. छुसक नावाचा त्यांचा सुगीचा सण असतो. त्याला तांदळाच्या पिठीचे, आत गोड सारण भरलेले 'सोंगप्यन' करतात, अगदी आपल्या उकडीच्या मोदकांचे चुलतभाऊ. आपण मोदकाखाली हळदीचं किंवा केळीचं पान ठेवतो, ते पाइनच्या सुया पसरतात. वाफेबरोबर सुयांचा वास आत उतरतो. पाइनच्या परागांची मिठाई करतात. पाइनच्या काजळीपासून लिहायची शाई बनायची. दुष्काळात सालीचा आतला थर खाऊन माणसं जगायची. आणि शेवटी शवपेटीही पाइनचीच. दारावरच्या डहाळीपासून शवपेटीपर्यंत एकच झाड!

राजांनाही हे झाड हवंच होतं. राजवाड्यांना आणि युद्धनौकांना पाइनच लागायचा. १५९२ ते १५९८ च्या युद्धात सेनापती यी सुन-शिन यांनी जपानी आरमाराला जेरीस आणलं, त्या नौका पाइनच्या जाड फळ्यांच्या होत्या. म्हणून चोसन राजवटीने (१३९२-१९१०) चांगले पाइन असलेले डोंगरच राखीव केले. तिथे सामान्य माणसाला कुऱ्हाड चालवायला बंदी. उल्जिन भागात असा राखीव डोंगर दाखवणारा कोरीव शिलालेख आजही आहे. कोरियाच्या राष्ट्रगीताच्या दुसऱ्या कडव्यातसुद्धा सोलच्या नामसान टेकडीवरचा पाइन आहे. आणखी काय पाहिजे?

जपानमध्येही तसंच. क्योतोच्या कोर्यूजी मंदिरातली बोधिसत्त्व मैत्रेयाची सातव्या शतकातली मूर्ती लाल पाइनच्या लाकडात कोरलेली आहे. बिझेन गावची प्रसिद्ध भांडी दहा-बारा दिवस भट्टीत भाजतात ती लाल पाइनची लाकडं जाळून. त्याची ज्योत लांब जाते आणि राख भांड्यावर बसून तिचाच ग्लेझ होतो. आणि 'मात्सुताके' नावाची अळंबी! ती लाल पाइनच्या मुळांशी भागीदारी करून वाढते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला मातीतून पाणी आणि क्षार मिळवून देते. इतकं तंत्रज्ञान असूनही या अळंबीची व्यापारी शेती कुणाला जमलेली नाही. म्हणून ती सोन्याच्या भावाने विकली जाते.

आता कहाणीतला ट्विस्ट. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घराघरांत कोळशाच्या विटा आल्या, रॉकेल आलं, गॅस आला. चूल विझली. आणि खरं सांगते, हे चांगलंच झालं. डोक्यावर जळणाचे भारे वाहणाऱ्या बायकांना जाऊन विचारा, पाइन हवा की गॅस! पण डोंगरावर जायचं कारण संपलं. सुया तशाच पडून राहिल्या, कुजल्या, माती सुपीक झाली. झुडपं वाढली, ओक आले. ज्याला आपण 'निसर्ग समृद्ध झाला' म्हणू, तीच समृद्धी लाल पाइनच्या मुळावर आली. जपानमध्ये १९४१ साली सुमारे १२,००० टन मात्सुताके निघाली होती. अलीकडच्या कित्येक वर्षांत हा आकडा शंभर टनांच्या आत आहे. एकाही माणसाने कुऱ्हाड उचलली नाही, तरी जंगल बदललं.

त्यात भर पडली एका किड्याची. जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या पाइनना त्याची सवय आहे, त्यांना फारसं काही होत नाही. पण लाकडाबरोबर तो समुद्र ओलांडून आला आणि इथल्या पाइनचा काळ ठरला. जपानमध्ये नागासाकी भागात १९०५ साली झाडं मरायला लागल्याची पहिली नोंद आहे. कारण सापडायला मात्र १९७१ साल उजाडलं. एक लांब मिशांचा भुंगा या कृमीचा रिक्षावाला! भुंगा कोवळी फांदी कुरतडतो, कृमी जखमेतून आत उतरतात, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पडतात आणि काही आठवड्या-महिन्यांत हिरवं झाड विटकरी होऊन उभ्याउभ्या वाळतं. कोरियात हा रोग १९८८ साली बुसान बंदराच्या शहरात दिसला. बंदर का, ते सांगायला नकोच.

इथे आपला संबंध येतो. वर्कशॉपमध्ये बाहेरच्या देशातून एखादं मशीन येतं, त्याचं लाकडी खोकं कधी नीट पाहिलंय? त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाचं नाव, काही आकडे आणि 'एचटी' अशी अक्षरं जाळून उमटवलेली असतात. 'एचटी' म्हणजे हीट ट्रीटमेंट. मेटलर्जीतली नाही, लाकडाची! लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २००२ साली तो झाला, नाव 'आयएसपीएम १५'. पॅकिंगच्या लाकडातून कीड या देशातून त्या देशात जाऊ नये म्हणून. आणि त्या काळजीच्या यादीत आपला हा पाइनचा कृमी अगदी वर होता. ज्या खोक्याच्या फळ्या आपण शेकोटीला वापरतो, त्यांच्यावर एका मरणाऱ्या जंगलाची सही असते. मला तरी हे कळल्यापासून खोकं नुसतं खोकं वाटत नाही.

इथे कुणी म्हणेल, "अगं, पण माणसं झाडावर नुसतं प्रेमही करतात की! कामाशिवाय झाड जगत नाही असं थोडंच आहे?" मुद्दा बरोबर आहे. जपानच्या रिकुझेनताकाता गावाचं उदाहरण घ्या. तिथे समुद्रकिनाऱ्यावर काळ्या आणि लाल पाइनची सुमारे ७०,००० झाडं होती. मार्च २०११ च्या त्सुनामीत सगळी गेली, एक उरलं. ते लाल आणि काळ्या पाइनच्या संकराचं होतं. लोकांनी त्याला 'चमत्काराचा पाइन' म्हटलं. पण खाऱ्या पाण्याने मुळं कुजली आणि २०१२ साली तेही मेलं. मग इंजिनिअर लोकांनी ते कापलं, खोड आतून पोखरून कार्बन फायबरचा कणा बसवला, पानं-फांद्या कृत्रिम बनवल्या आणि २०१३ साली ते पुन्हा उभं केलं. खर्च सुमारे १५ कोटी येन, लोकवर्गणीतून. मेलेल्या झाडासाठी इतके पैसे? ज्यांची माणसं गेली त्यांना तो प्रश्न विचारायची माझी हिंमत नाही. पण एक गोष्ट विसरू नका. ते सत्तर हजार पाइन तिथे शोभेला लावलेले नव्हते. सतराव्या शतकापासून गावकऱ्यांनी ते लावले ते खारा वारा आणि वाळू शेतात येऊ नये म्हणून. आधी काम आलं, मागून प्रेम आलं. आणि गावाने नंतर किनाऱ्यावर पुन्हा हजारो पाइनची रोपं लावली. मला विचाराल तर खरा चमत्कार तो!

नुसतं प्रेम कधीकधी महागातही पडतं. कोरियात आवडतं झाड कोणतं असं विचारलं की पाइन पहिला येतो. मार्च २०२२ मध्ये उल्जिनला वणवा लागला, तो नऊ दिवस चालला. मार्च २०२५ मध्ये त्याहून मोठा, त्या देशाच्या इतिहासातला सर्वात मोठा वणवा लागला. तीसएक माणसं गेली आणि सातव्या शतकातल्या गोउन्सा मंदिराच्या कित्येक इमारती जळाल्या. आग माणसाच्या हलगर्जीपणाची आणि वेग वाऱ्याचा, हे खरंच. पण पाइनमध्ये राळ असते, आणि आता खाली न उचललेल्या सुयांचा थर असतो. जळणासाठी जे माणूस नेत नाही, ते आग नेते. तेव्हापासून तिथे वाद चालू आहे की जळालेल्या डोंगरांवर पुन्हा पाइन लावायचा, की ओक येतोय तर येऊ द्यायचा?

माझं मत विचाराल तर मी ओकच्या बाजूने आहे, पण सगळीकडे नाही. जिथे पाइनला काम उरलंय, म्हणजे मंदिरांचं लाकूड, अळंबीचे डोंगर, किनाऱ्यावरची वाऱ्याची भिंत, आणि जिथे त्याच्याखाली वाकून पाचोळा गोळा करणारे हात आहेत, तिथे तो जरूर राखावा. जिथे तो केवळ राष्ट्रगीतात आहे म्हणून हवाय आणि त्याची मशागत करायला कुणी जाणार नाही, तिथे रुंद पानांच्या झाडांना वाट द्यावी. झाडाची निसर्गातली जागा आणि आपल्या जगण्यातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक हलली की दुसरी हलतेच. जुनी चूल परत आणता येणार नाही, आणू पण नये. पण चूल गेल्यावर तिचं डोंगरावरचं काम कोण करणार, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

आता आपल्या कॅम्पसकडे या. आपल्याकडे पाइन नाहीत, आणि कृपा करून कुणी लावूही नका! आपल्याकडे करंज आहेत, कडुनिंब आहेत, मेसमागे मोठा पर्जन्यवृक्ष आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू होते. सफाईवाल्या मावशी पहाटे उठून ढीग लावतात आणि ढीग पेटवतात. लेडीज होस्टेलच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना सकाळी सहाचा तो धूर चांगलाच माहीत आहे. मावशींचा यात काही दोष नाही, त्यांना 'आवार स्वच्छ पाहिजे' एवढंच सांगितलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केलेली आहे. आणि जूनमध्ये आपण काय करतो? वृक्षारोपणासाठी खताच्या गोणी विकत आणतो!

इथे कुणी हुशार म्हणेल, कोरियात तर पाचोळा उचलल्यामुळेच झाड जगत होतं ना? हो, पण ते पाइन होतं. त्याला गरिबी मानवते. आपल्या करंज-कडुनिंबाखालच्या मातीला तोच पाचोळा परत हवा असतो. एकाच कामाने एक झाड जगतं आणि दुसरं उपाशी राहतं. म्हणूनच 'झाडे लावा' एवढं पुरत नाही. कोणतं झाड, त्याला काय लागतं आणि ते रोज कोण करणार, या तिन्हींचं उत्तर हवं. नाहीतर रोप खड्ड्यात जातं आणि फोटो नोटीस बोर्डवर!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्राचार्य सर, रेक्टर मॅडम, यंदा शंभर रोपं लावण्याऐवजी दहाच लावा. उरलेल्या पैशांत दोन्ही होस्टेलच्या मागे पाचोळ्याचे दोन-दोन खड्डे खणून द्या, विटांचे, एक मीटर खोल. एक भरत असताना दुसरा कुजेल. मेसचं भाजीचं देठ-सालही त्यात जाईल. थोडं शेण, थोडं पाणी आणि अधूनमधून वरखाली करणं, एवढीच मेहनत. सिव्हिलवाल्यांनी खड्ड्यांचं एस्टिमेट काढावं, मेकॅनिकलवाले पानं बारीक करायचं हाताने फिरवायचं यंत्र बनवतील. (तेवढंच फायनल इयरला प्रोजेक्टही होईल!) आणि वरखाली करायची पाळी मावशींवर ढकलू नका. मेस कमिटीसारखी आपली विंगनिहाय पाळी लावू. आठवड्याला अर्धा तास. तेवढा वेळ आपण गीझरच्या रांगेत रोज घालवतो.

यातून जंगल वाचेल असा दावा मी करत नाही. पण त्या झाडांना आपल्या रोजच्या वेळापत्रकात एक जागा मिळेल. आणि ज्याला वेळापत्रकात जागा असते तेच टिकतं, हे परीक्षेच्या दिवसांत आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

पहिली पाळी आमच्या विंगची लावा. यादी मी मेसच्या दारावर चिकटवलेली आहे. पेन स्वतःचं आणा!

– तृतीय वर्ष, यांत्रिकी
लेडीज होस्टेल